कामाठीपुरा आणि कायदा

(परळ येथील एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना अवघडल्यासारखे झाले असेल. अभ्यासवर्गात आपण महागाईवर बोलतो, शेतमालाच्या भावावर बोलतो, कंत्राटी कामगारांवर बोलतो. वेश्याव्यवसायावर सहसा बोलत नाही. बोललोच तर कळवळ्याने बोलतो किंवा नाक मुरडून बोलतो. दोन्ही वेळी ती स्त्री आपल्या बोलण्याचा विषय असते, आपली श्रोती कधीच नसते. माझी सारी हयात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे या प्रश्नाच्या नैतिक बाजूवर प्रवचन करण्याचा माझा अधिकारही नाही आणि इच्छाही नाही. मी एकच मर्यादित प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे: कायद्याने या स्त्रीला काय मानावे? गुन्हेगार, पीडित की कष्टकरी? आणि ती जे काही असेल ते असो, तिच्या पदरात आज कायदा नेमके काय टाकतो?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. लालबागहून निघून भायखळ्याचा पूल ओलांडला की नागपाडा येतो आणि तेथून कामाठीपुऱ्याच्या चौदा गल्ल्या सुरू होतात. निजामाच्या मुलुखातून मुंबईत बांधकामावर आलेल्या तेलुगू भाषक कामाठी मजुरांवरून त्या वस्तीला हे नाव पडले. म्हणजे मुळात तीही कष्टकऱ्यांचीच वस्ती. गिरणगाव आणि कामाठीपुरा यांची वाढ एकाच काळात झाली, हा योगायोग नव्हे. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेला गडी बायकामुले गावी ठेवून येत असे, कारण त्याच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड थाटणे शक्य नव्हते. १९२१ आणि १९३१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साडेपाचशेच्या आसपास होती. दोन पाळ्यांतले गडी एकाच खोलीत आळीपाळीने पथारी टाकत. कुटुंब पोसण्याचा खर्च मालकाने गावच्या शेतीवर ढकलला होता. या व्यवस्थेच्या एका टोकाला खानावळ चालवणारी बाई उभी राहिली आणि दुसऱ्या टोकाला कामाठीपुऱ्यातली. दोघीही मालकाच्या हिशेबवहीत नव्हत्या.

कायद्याची तीन रूपे

इंग्रजी राज्यकर्त्यांनी या व्यवसायाकडे प्रथम पाहिले ते आपल्या गोऱ्या शिपायांच्या आरोग्याच्या चिंतेतून. १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. स्त्रीने नाव नोंदवायचे, ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणीस हजर राहायचे आणि रोग आढळल्यास खास इस्पितळात कोंडून घ्यायचे. तपासणी फक्त स्त्रीची, पुरुषाची नव्हे. मुंबईत हा कायदा १८७० साली लागू झाला आणि दोनच वर्षांत गुंडाळावा लागला. १८८० साली तो पुन्हा आला आणि अखेर १८८८ साली रद्द झाला. इंग्लंडात जोसेफीन बटलर यांनी चालवलेल्या चळवळीमुळे तिकडचा कायदा १८८६ सालीच गेला होता. परवाना देऊन व्यवसाय ‘शिस्तीत’ आणण्याचा हा आपल्याकडचा पहिला प्रयोग होता आणि त्याचा अनुभव स्पष्ट आहे: ज्या स्त्रियांना शक्य झाले त्या नोंदणीपासून पळाल्या आणि ज्यांना पळता आले नाही त्या पोलिसांच्या हाती सापडल्या.

दुसरे रूप दमनाचे. १९१७ साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीचा, पळून जाण्याचा प्रयत्न केल्याबद्दल, हाल करून जीव घेण्यात आला. त्या खटल्याने शहर हादरले. १९२१ साली सरकारने समिती नेमली आणि १९२३ साली मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. पुढे १९३० साली कुंटणखाना चालवण्यावरही बंदी आली. अकूताईच्या मृत्यूने जागे झालेल्या कायद्याचा बडगा पडला मात्र पुष्कळदा रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईवर, कारण ती डोळ्यांना दिसत होती. कुंटणखान्याचा मालक दिसत नव्हता.

तिसरे रूप स्वातंत्र्योत्तर काळाचे, आणि तेच आजही चालू आहे. ९ मे १९५० रोजी भारताने न्यूयॉर्क येथे स्त्रियांच्या व्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. त्याला अनुसरून संसदेने १९५६ साली कायदा केला. १९७८ आणि १९८६ साली त्यात दुरुस्त्या झाल्या. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा हे त्याचे आजचे नाव. पोलिस चौकीपासून वर्तमानपत्रापर्यंत सारे त्याला ‘पिटा’ म्हणतात. हा कायदा १ मे १९५८ रोजी अमलात आला, त्याच दिवशी अलाहाबादच्या हुस्नाबाई या स्त्रीने तेथील उच्च न्यायालयात अर्ज केला, की या कायद्याने माझा उपजीविकेचा घटनादत्त हक्क हिरावला जातो. अर्ज तांत्रिक कारणावरून फेटाळला गेला. परंतु तिने विचारलेला प्रश्न अजून संपलेला नाही.

कायदा काय म्हणतो आणि काय करतो

पुष्कळांची समजूत अशी की आपल्याकडे वेश्याव्यवसाय हा गुन्हा आहे. तो तसा नाही. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे याला या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये, सुधारगृहात डांबलेल्या तीन तरुण स्त्रियांची सुटका करताना, हेच स्वच्छ शब्दांत सांगितले: हा व्यवसाय करणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद कायद्यात नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध कोंडता येत नाही.

मग गुन्हा कशाला म्हटले आहे? व्यवसायाच्या आजूबाजूच्या प्रत्येक गोष्टीला. कुंटणखान्याची व्याख्या पाहा. दुसऱ्याच्या फायद्यासाठी चालवलेली जागा तर कुंटणखाना आहेच. पण दोन वा अधिक स्त्रिया परस्परांच्या फायद्यासाठी एक जागा वापरत असतील तर तीही कुंटणखानाच. म्हणजे घरवालीच्या कचाट्यातून सुटून दोन मैत्रिणींनी भाड्याने एक खोली घेतली आणि खर्च वाटून घेतला, की कायद्याच्या लेखी त्याच घरवाल्या झाल्या. वेश्येच्या कमाईवर जगणे हा अठरा वर्षांवरील कोणाही व्यक्तीसाठी गुन्हा आहे. दलालाला पकडण्यासाठी केलेले हे कलम आईच्या पैशावर कॉलेजात शिकणाऱ्या मुलालाही लागू होऊ शकते. शाळा, देऊळ, मशीद, इस्पितळ यांपासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. मुंबईसारख्या दाटीवाटीच्या शहरात यांपैकी काहीच दोनशे मीटरच्या आत नाही अशी जागा कोणी मला दाखवावी.

गिऱ्हाईकाला हाक मारणे किंवा खूण करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पुढच्या खेपेस एक वर्षापर्यंत. हाच गुन्हा पुरुषाने केला तर त्याला जास्तीत जास्त तीन महिने. एकाच कलमात, एकाच कृत्याबद्दल, दोन माणसांना दोन मापे. राज्यघटनेने दिलेल्या समतेची या कलमाशी कधी भेट झाली असेल असे दिसत नाही.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न असा, की ज्या व्यवहारावर बंदी नाही, पण ज्याची प्रत्येक पायरी बेकायदा आहे, त्या व्यवहारात पैसा कोणाकडून कोणाकडे जातो? घरवाली कमाईतला वाटा घेते, पुष्कळदा निम्मा. खाटेचे वा खोलीचे भाडे बाजारभावापेक्षा जास्त असते, कारण जागा देणारा कायद्याचा धोका पत्करतो आणि त्या धोक्याची किंमत भाड्यात मिळवतो. बँक दारात उभी करत नाही म्हणून सावकाराचे व्याज द्यावे लागते. आणि छापा टळावा म्हणून जे द्यावे लागते त्याला ‘हप्ता’ हा शब्द आपण सारेच जाणतो. हा शेवटचा भाग म्हणजे एक कर आहे. फक्त त्याची पावती मिळत नाही आणि तो सरकारी तिजोरीत जमा होत नाही. जकात व्यापाऱ्यावर बसवली तरी ती अखेर कोण भरतो, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो: ज्याला व्यवहार सोडून जाता येत नाही तो. येथे घरमालक दुसरा भाडेकरू आणू शकतो, दलाल दुसरी गल्ली धरू शकतो, गिऱ्हाईक घरी जाऊ शकते. कर्ज डोक्यावर असलेली आणि गावी परतीची वाट बंद झालेली स्त्री तेवढी जागची हलू शकत नाही. म्हणून या साऱ्या कायदेशीर धोक्याचा भार तिच्यावर येऊन पडतो.

बाहेरच्या देशांत

इतर देशांनी काय केले तेही पाहू. स्वीडनने १९९९ पासून शरीरसंबंध विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले, विकणारीला नाही. फ्रान्सने २०१६ साली तोच मार्ग धरला. यामागचा न्यायविचार मला मान्य आहे. मघाच्या दोन मापांवरचा तो उतारा आहे. परंतु गिऱ्हाईक घाबरले की पहिल्यांदा कमी होते ते सभ्य गिऱ्हाईक. जे उरते त्याच्याशी भाव करण्याची आणि त्याला नकार देण्याची स्त्रीची ताकद घटते, आणि सौदा अंधाऱ्या जागी, घाईने होतो. आपल्या पोलिसांच्या हाती हे कलम दिले तर त्याचाही हप्ताच होईल, ही भीती मी वेगळी सांगायला नको.

हॉलंडने २००० साली कुंटणखान्यांवरची बंदी उठवून परवाने दिले. जर्मनीने २००२ साली व्यवसायाला कायदेशीर रूप दिले आणि २०१७ पासून स्त्रियांवर नोंदणीची सक्ती केली. परवान्याची पद्धत वरवर आधुनिक दिसते. पण परवाना मर्यादित असला की तो ज्याच्या हाती असतो त्याची मक्तेदारी होते, आणि परदेशातून आलेली, कागदपत्रे नसलेली स्त्री त्याच्या दाराबाहेर उरते. आपण १८७० साली हा प्रयोग करून बसलो आहोत.

न्यूझीलंडचा मार्ग वेगळा आहे. तेथील संसदेने जून २००३ मध्ये ६० विरुद्ध ५९ अशा निसटत्या बहुमताने हा व्यवसाय फौजदारी कायद्यातून काढून कामगार आणि आरोग्यविषयक कायद्यांखाली आणला. चारपर्यंत स्त्रियांनी आपापल्या कमाईची मालकी ठेवून एकत्र काम केले तर तेथे चालकाचा परवानाही लागत नाही. जी गोष्ट आपल्याकडे कुंटणखान्याचा गुन्हा ठरते, ती तेथे स्त्रीला मालकापासून सुटण्याची वाट म्हणून कायद्याने मोकळी ठेवली आहे. २०१४ साली वेलिंग्टनमधील एका स्त्रीने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि मानवी हक्क न्यायाधिकरणाने तिला पंचवीस हजार डॉलर नुकसानभरपाई दिली. अकूताईच्या शहरात राहणाऱ्या आपण या घटनेचा अर्थ नीट समजून घ्यावा. तरी तेथेही तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या स्त्रियांना या कायद्याचे संरक्षण नाकारलेले आहे. म्हणजे ती व्यवस्थाही निर्दोष नाही. बेल्जियमने २०२२ साली हा व्यवसाय गुन्ह्यांच्या यादीतून वगळला आणि डिसेंबर २०२४ पासून नोकरीचा करार, रजा व सामाजिक सुरक्षा यांचे हक्क दिले.

आपल्यातूनच येणारे आक्षेप

पहिला आक्षेप असा, की गरिबीतली संमती ही संमतीच नव्हे. मला तो पोकळ वाटत नाही. गडहिंग्लज–निपाणी भागात १९७० च्या दशकात देवदासी निर्मूलनाची चळवळ उभी राहिली ती याच जाणिवेतून. यल्लम्माला सोडलेल्या मुली मुंबईच्या बाजारात कशा पोचत, हे आपणास ठाऊक आहे. जातीच्या तळाशी असलेल्या घरांतूनच त्या का येत, हेही ठाऊक आहे. ही निवड मुक्त आहे असे मी म्हणणार नाही. पण निवड मुक्त नव्हती म्हणून निवडणारीलाच कोठडीत घालावे, हे तर्कशास्त्र मला उमगत नाही. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराची निवडही मुक्त नसते. म्हणून आपण त्याला अटक करा असे म्हणत नाही.

येथे एका ऐतिहासिक सभेची आठवण दिली पाहिजे. १६ जून १९३६ रोजी, याच परळमध्ये, दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जोगतिणी, मुरळ्या आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांपुढे भाषण केले. हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे त्यांनी त्यांना निक्षून सांगितले. पोटाची अडचण पुढे करणाऱ्यांचे त्यांनी ऐकून घेतले नाही. माझे आजचे प्रतिपादन त्या भाषणाच्या विरोधात जाते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. बाबासाहेब त्या स्त्रियांशी समोरासमोर बोलत होते, त्यांना स्वतःच्या चळवळीचा भाग मानून बोलत होते, आणि त्यांच्या आत्मसन्मानाला हाक घालत होते. ती हाक पोलिसांना नव्हती. जिणे बदलण्याचा आग्रह चळवळीने जरूर धरावा. पण दंडुक्याने कोणाचा आत्मसन्मान वाढल्याचे इतिहासात नमूद नाही.

दुसरा आक्षेप मुलींच्या व्यापाराचा. कायदा सैल केला तर तो वाढेल, असे म्हणतात. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत, फसवणुकीच्या आणि जबरदस्तीच्या बाबतीत कायदा सैल करा असे कोणीही म्हणत नाही. तेथे तो अधिक कडक आणि त्वरित हवा. परंतु नुसत्या छाप्यांनी काय साधते, हे मुंबईने फेब्रुवारी १९९६ मध्ये पाहिले आहे. तेव्हा एका झटक्यात चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया ‘सोडवल्या’ गेल्या. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. पुढे काय, याची तयारी नव्हती. त्या कित्येक महिने सुधारगृहांत खितपत पडल्या. नेपाळ सरकारने त्यांना परत घेण्याचा उत्साह दाखवला नाही, आणि अखेर स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन १२८ जणींना मायदेशी नेले. त्यांतल्याच काहींनी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभारली आणि २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुटका करून घेतलेल्या मुली स्वतः संघटित झाल्या तेव्हाच त्या कामाला दिशा आली, हा त्यातला धडा आहे. आणि गल्लीत नवी, कोवळी मुलगी आणली गेली तर ते सर्वांत आधी कोणाला कळते? शेजारच्या खोलीतल्या बाईला. तिने चौकीवर जाऊन खबर द्यावी अशी आपली इच्छा असेल, तर चौकीत पाऊल टाकताच ती स्वतः आरोपी ठरणार नाही, अशी व्यवस्था आधी करावी लागेल.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तो इभ्रतीचा आहे. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले ते याच इभ्रतीच्या नावाने. तीच नृत्ये तारांकित हॉटेलांत चालू शकत होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. मधल्या आठ वर्षांत ज्यांची रोजी गेली त्यांतल्या कितीतरी जणींना याच बाजाराची वाट धरावी लागली.

काय मागावे

जुन्या गिरणी कामगारांना जॉबरची आठवण असेल. बदली कामगार गिरणीच्या दारात उभा राही आणि जॉबरला दस्तुरी दिल्याशिवाय आत जाऊ शकत नसे. जॉबरची सत्ता कशातून आली होती? दार एकच होते आणि त्याची किल्ली त्याच्या हाती होती. ती सत्ता ढिली झाली ती १९३५ पासून सुरू झालेल्या बदली नोंदणीने आणि मुख्यतः कामगारांच्या संघटनेने. खानावळवाल्या बायांचेही तेच. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवले, तेव्हा सावकाराचा फास सुटला. कोलकात्यात सोनागाछीच्या स्त्रियांनी १९९५ साली उषा ही सहकारी संस्था नोंदवून घेतली ती त्याच कारणाने. सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ या नावाने स्त्रिया संघटित झाल्या आहेत. मार्ग ठाऊक आहे. तो या गल्ल्यांत आपण नेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी, घटनेच्या १४२ व्या कलमाखालील अधिकार वापरून, या स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे असे बजावले. पोलिसांनी त्यांचा छळ करू नये, त्यांची ओळख प्रसिद्ध होऊ नये, रहिवासाचा पुरावा नसला तरी त्यांना आधार कार्ड मिळावे, असे निर्देश दिले. काही शिफारशींना मात्र केंद्र सरकारने हरकत घेतली. निर्देश हा कायदा नव्हे. कायदा संसदेने करायचा आहे, आणि म्हणून राजकीय पक्षांनी त्यावर भूमिका घ्यायची आहे.

माझ्या मते ती भूमिका अशी असावी. गिऱ्हाईकाला हाक मारण्याचे कलम रद्द व्हावे. स्त्रियांनी एकत्र राहून स्वतःच्या कमाईवर स्वतःची मालकी ठेवली तर त्याला कुंटणखाना म्हणू नये. कमाईवर जगण्याच्या कलमातून आईवडील, मुले आणि भावंडे वगळावीत. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवण्याची तरतूद जावी. सक्तीची नोंदणी आणि परवाना यांना ठाम विरोध असावा. आणि ज्या स्त्रीला बाहेर पडायचे आहे तिला घर, कर्जमुक्ती आणि मुलांचे शिक्षण मिळावे. पापड लाटायला शिकवून पुनर्वसन झाले असे समजू नये.

शेवटी एक निकडीची गोष्ट. कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाची योजना म्हाडामार्फत पुढे सरकते आहे. जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारती जाव्यात, भाडेकरूंना चांगली घरे मिळावीत, याबद्दल दुमत नाही. परंतु मुंबईत हक्क ठरतो तो भाडेपावतीवर, आणि ज्या स्त्रीने वीस-पंचवीस वर्षे खाटेचे भाडे रोजच्या रोज मोजले तिच्या हातात पावती नाही. कायद्याने तिच्या राहण्यालाच गुन्ह्याचे रूप दिल्यामुळे तिला ती कधी मिळूही शकली नसती. गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या तेव्हा कामगाराजवळ निदान हजेरीपटावरचे नाव होते, आणि तरीही त्याला घरासाठी किती झगडावे लागले ते आपण या परळ-लालबागेत पाहिले. हिच्याजवळ तेवढेही नाही. इमारती पडण्यापूर्वी, तेथे राहणाऱ्या स्त्रियांची गणना त्यांच्याच संघटनांच्या साक्षीने व्हावी आणि निवाऱ्याचा त्यांचा हक्क मान्य व्हावा, ही मागणी आपल्या पक्षाने आताच केली पाहिजे. इमारती पडल्यावर ती करण्यात अर्थ उरणार नाही.